शेजारचं घर घेऊ न देणाऱ्या मथुराताई

मथुराताई गेल्या, आणि मला ते नऊ दिवसांनी कळलं.

तेही त्यांच्या मुलीने, वनिताने, काल फोन केला म्हणून. मी सुट्टीवर नाशिक रोडला आईकडे आलेली. पेठकडचा त्यांचा पाडा इथून दोन तासांवर. आणि मी आठवडाभर इथे बसून मिसळ खात होते.

तुमच्यापैकी कुणी त्यांना ओळखत नाही. पण माझ्या नावाआधी जे 'डॉक्टर' लागतं, ते निम्मं त्यांचं आहे.

सांगते.

मी परदेशातल्या एका विद्यापीठात पीएचडी करत होते. विषय डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्स. म्हणजे गरीब माणसं कशी जगतात, याचा हीटर लावून अभ्यास. हसा, आम्हीही हसतो.

तिथलं रिसर्च सेंटर आम्हा विद्यार्थ्यांना एका हिवाळ्यापुरतं फील्डवर्कला पाठवायचं. तिकीट, टॅब्लेट, सगळं त्यांचं. जानेवारीत परत जाऊन सेमिनारमध्ये निष्कर्ष मांडायचे. जमलं तर पुढच्या वर्षाची फेलोशिप. नाही जमलं तर मागचा रांगेत उभाच असतो.

माझा विषय होता, पेठच्या डोंगरातून कामासाठी बाहेर पडणारी कुटुंबं.

घरं दाखवायला सोबत मथुराताई होत्या, अंगणवाडीच्या रिटायर्ड मदतनीस. साठी उलटलेली. प्रत्येक घर तोंडपाठ. चढ आला की चप्पल काढून हातात घ्यायच्या. का विचारलं तर म्हणायच्या, झिजते.

कोणत्या घरी जायचं ते कॉम्प्युटर ठरवायचा. आणि एक नियम होता: घर बंद असेल तर शेजारचं घर घ्या.

नोव्हेंबर होता. भात कापून झालेला. निम्म्या घरांच्या कडीत कुलपाऐवजी काटकी खोचलेली.

मी शेजारचं घर घेत सुटले. चार दिवसांत तीन पाडे. प्रोफेसरांना मेल केला, लोक फार सहकार्य करतात.

जे घरी होते ते करत होते, त्यात काय.

पाचव्या दिवशी मथुराताई एका बंद घराच्या ओट्यावर बसल्या आणि उठेचनात. मी म्हटलं, चला ताई, शेजारी जाऊ.

"मॅडम, तुमाला कामाला भायेर जाणाऱ्यांचं लिवायचं हाय ना?"

हो.

"मंग जे गेले त्यांना सोडून, राह्यले त्यांनाच काय इचारता?"

मी त्यांना सॅम्पलिंग समजावलं. चांगली दहा मिनिटं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"काटकी लावली म्हंजी माणूस नाय, असं नाय. माणूस दिंडोरीला हाय, द्राक्षाच्या बागंत."

इतकी पुस्तकं वाचून मी स्थलांतराच्या अभ्यासातून स्थलांतर करणारेच गाळत होते. तेही नियमाला धरून.

चिडले मात्र त्यांच्यावरच. म्हटलं, आता बागा शोधत फिरले तर माझी फेलोशिप जाईल. तुमचं काय, तुम्हाला कुठे जायचंय.

असं बोलले मी. आज लिहितानाही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच शेजारीपाजारी विचारत फिरल्या आणि माझ्या हातात एक शाळेची वही ठेवली. कोणतं घर, कोणत्या गावाला, कुणाच्या द्राक्षबागेत. सगळं लिहिलेलं.

मी सेंटरला मेल केला. चुकलं, पहिल्यापासून करते, जानेवारीत येत नाही. उत्तर फार सभ्य होतं. निर्णय योग्य आहे, पण यंदाची फेलोशिप दुसऱ्याला जाईल.

आईने दोन दिवस अबोला धरला.

मग आम्ही दोघी एसटीने दिंडोरी, निफाड. बागेच्या कडेला ताडपत्रीची पालं, समोर चूल. जेवणाच्या सुट्टीत नागलीची भाकरी खात लोक उत्तरं द्यायचे. बागमालकाने हटकलं की मथुराताई सांगायच्या, पोरांच्या तब्येती बघायला आलोय. ते खोटंही नव्हतं. त्या खरंच प्रत्येक लहान पोराचा दंड चाचपून बघायच्या आणि आईला चार शब्द सुनवायच्या.

पीएचडी एक वर्ष उशिरा झाली. पण खरी झाली.

मी निघाले तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. "लिवून झालं का इथं येऊन वाचून दाखवा. लोकांनी उत्तरं दिली, त्यांना कळू द्या."

मी काय केलं? वनिताच्या व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली. इंग्रजी. जाडजूड. उलट टपाली नमस्काराचे दोन हात आले आणि मी मोकळी झाले.

मग त्याच सेंटरमध्ये शिकवायला लागले. फील्डला निघालेल्या मुलांना दरवर्षी ही बंद घरांची गोष्ट सांगते. वर्ग हसतो, मीही हसते. पाड्यावर जायचं राहून गेलं.

काल वनिताने सांगितलं. तिच्या आईने तेव्हा पीडीएफ आलेला तो फोन घेऊन आश्रमशाळेच्या गुरुजींना गाठलं होतं. गुरुजी म्हणाले, एवढं मला नाही कळायचं. त्या म्हणाल्या, सगळं नको, एवढंच बघा, भायेर गेलेली घरं धरलीत का.

गुरुजींनी अर्धा तास घालवून पान शोधलं. म्हणाले, धरलीत.

"आई म्हनली, मंग पोरगीनं खरं लिवलं. आन् घरी आली."

माझा व्हायवा पाच प्रोफेसरांनी घेतला होता. दुसरा आश्रमशाळेच्या व्हरांड्यात झाला, आणि मला इतकी वर्षं त्याचा पत्ताच नव्हता.

खूप रडले काल.

मराठीत चार पानं लिहायची होती. तेवढंच काम होतं. काल दुपारी बसून लिहिली, एका बैठकीत झाली.

उद्या पाड्यावर जातेय. वनिता म्हणाली, माणसं जमवते.

मथुराताई, तुमच्या लोकांना वाचून दाखवीन. तुम्हाला दाखवायचं राहिलं.

शेवटचा नमस्कार घ्या.