हौसाबाईने परत केलेली सुपारी

हौसाबाई आमच्या दापोड्याची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला तिचे धवले, म्हणजे लग्नातली गाणी, लागतात. आमच्याकडे मांडवात जेवण कमी पडलं तर लोक चालवून घेतील, डीजे कमी पडलेला चालत नाही. पण हौसाबाई गायला बसली की तो डीजेही मुकाट बंद व्हायचा. लग्नघरी तिला कोणी दार लावत नाही. रुसलेली नवरी, सासूने दाबून ठेवलेले दागिने, सगळं तिला ठाऊक असतं आणि ते तिच्या पोटातच राहतं.

नवरा गेल्यावर तिने लेकीला, नेत्राला, एकटीने बी.कॉम. केलं. पोर गोदामात कंत्राटावर कॉम्प्युटर बडवायची, कधी काढून टाकतील याचा नेम नाही. म्हणून भिवंडीतल्या एका बँकेने मुलाखतीला बोलावलं, तेव्हा हौसाबाईने गावदेवीला नारळ फोडला.

नेत्रा व्याजदर, खात्यांचे प्रकार पाठ करून गेली होती. साहेबांनी त्यातलं काही विचारलं नाही. घरी कोण असतं, आई काय करते, एवढंच विचारलं. नेत्राने अभिमानाने सांगितलं की आई धवलारीण आहे, दापोड्यापासून नारपोलीपर्यंत आगऱ्यांचं एकही घर तिला परकं नाही. साहेब खुर्चीत पुढे सरकले. गोदामांना जमिनी दिलेल्या घरांत मग तुम्हालाही सहज जाता येईल, म्हणाले. खाती उघडायची, विमा विकायचा. नेत्रा हो म्हणाली आणि नोकरी पक्की झाली.

घरी येऊन तिने हे सगळं हसत हसत सांगितलं. हौसाबाई भाकरी थापत होती, तिचे हात थांबले. शेजारच्या काशीच्या नवऱ्याला, सावळारामला, असाच एका भाच्याने हळदीच्या मांडवात विमा गळ्यात मारला होता. नातीच्या लग्नाला पैसे काढायला गेला, तर विमावाले मुदत भरली नाही, अजून मिळत नाहीत म्हणाले. तेव्हापासून तो भाचा त्या घरची पायरी चढलेला नाही. नेत्रालाही ते आठवलं. नोकरी नको म्हणून कळवते, असं ती बोलून गेली.

"न्हाय, तू जा," हौसाबाई म्हणाली. "तुला शिकवली ती गोदामात ठेवायला न्हाय. पन आता मी धवले गायची न्हाय. माज्या मागून बँक घरान शिरली, तर लोक माज्या तोंडावर दार लावतील."

मला राग आला तो साहेबांचा. त्यांना पोरीची हुशारी नको होती, आईची पुण्याई हवी होती, तीही फुकटात.

पुढे काशी नातीच्या लग्नात धवले गायचं आमंत्रण म्हणून सुपारी घेऊन आली. हौसाबाईने ती कपाळाला लावली आणि परत दिली. घसा बसलाय म्हणाली. तो बसला नव्हता, हे काशीलाही कळलं.

हळदीला नेत्रा बँकेतून परस्पर आली. हौसाबाई बायकांच्या मागे भिंतीला टेकून बसली होती. धवलारीण नाही, म्हणून बायकांनी नेत्राला ओढून पाटाखाली पिठाने रेखलेल्या चौकापाशी आईच्या जागेवर बसवलं. तुझ्या आईचं तूच म्हण, म्हणाल्या. नवरी पाटावर बसून वाट पाहत होती. नेत्राला एकही धवला येत नव्हता. हौसाबाईने तिला तो कधी शिकवलाच नव्हता, बँकेतल्या नोकरीसाठी वाढवलं होतं. तिने वळून आईकडे पाहिलं. हौसाबाई पदर तोंडात धरून रडत होती आणि जागची उठली नाही.