मास्तरांचं लावलेलं दार

नातवाच्या मोबाइलच्या दुकानात सोल्डरचा धूर नाकात गेला आणि आमच्या वाशी गावातले भाडेकरू, विज्ञानाचे मास्तर, आठवले. कुठल्याशा कंपनीनं मोडीत काढलेला वायरलेस त्यांनी असंच सोल्डर लावून, दूरच्या हौशी रेडिओवाल्यांशी बोलण्यासाठी जुळवला होता. दुपारी दार लावून ते हळू आवाजात बोलत. मी लहानपणी रझाकारांचे दिवस पाहिलेली. लावल्या दारामागची कुजबुज मला सहन होईना. मी पोलीस पाटलांना सांगितलं.

पाटलांनी मास्तरांचा वायरलेसचा सरकारी परवाना वाचला अन् घडी घालून परत दिला. मास्तर माझ्याकडं वळून म्हणाले, "वहिनी, तुमची दुपारची झोप मोडू नये म्हणून दार लावत होतो."

त्या दिवसापासून ते दार सताड उघडं ठेवून बोलायचे. मी मात्र डोळे मिटून, कान देऊन पडलेली असायची.