देव्हाऱ्यामागची चार भोकं

मानपाड्याला आमच्या शेजारी कलावतीताई एकतीस वर्षं राहिल्या. त्यांचे यजमान मारुतीभाऊ कंपनीत फिटर होते, पौषात गेले. ताई रडल्या नाहीत. आल्यागेल्याला चहा विचारत होत्या. नंतर मुलाने, सर्वेशने, टिटवाळ्याला घर घेतलं आणि इथली खोली विकली. रविवारी किल्ली द्यायची होती.

देवांसकट सामान गेलं. भिंतींना खिळ्यांची भोकं राहिली, आणि घेणाऱ्यांनी ती बुजवून मागितलेली. मी ताईंबरोबर पंढरीच्या हार्डवेअरमध्ये गेले. तो म्हणाला, पांढरं सिमेंट वाळलं की तडकतं, पीओपी कालवेपर्यंत घट्ट होतं. मावशी, बारीक भोकांना डब्यातली तयार लांबी, म्हणजे पुट्टी, घ्या, बोटाने दाबून भरा.

ताईंनी डबा आणला. सगळी भोकं भरली, देव्हाऱ्याची चार सोडून. तो देव्हारा भाऊंनी स्वतः ठोकलेला.

"तिथे केमिकल नको गं, रचना," म्हणाल्या. "देवाची जागा आहे."

गेल्या वर्षीचा गणपती शाडूचा होता, भाऊंनी आणलेला शेवटचा. बादलीत विसर्जन करून ताईंनी माती वाळवून ठेवलेली. तीच भिजवून त्यांनी त्या चार भोकांत भरली. मलाही पटलं. ती माती आपण तुळशीला घालतोच, भिंतीला घातली तर काय बिघडलं?

शनिवारी सकाळी गेले तर माती सुकून आक्रसलेली, चारही भोकं उघडी. खाली फरशीवर बारीक गोळ्या. ताई त्यांच्याकडे बघत बसलेल्या. मी म्हटलं, परत घट्ट भरूया. त्यांनी गोळ्या वेचल्या, टिटवाळ्याला न्यायच्या तुळशीच्या कुंडीत टाकल्या, वर तांब्याभर पाणी घातलं. मग लांबीचा डबा उघडला.

दुपारी वाळल्यावर पॉलिशपेपर मारला, उरलेला रंग लावला.

"हात फिरवून बघ. लागतंय काही?"

मी फिरवला. लागतंय म्हणावं, असं उगाच मनात आलं.

"नाही लागत, ताई."

"बरं झालं," म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

दिवेलागणीला त्यांनी डोक्यावरून पदर घेतला आणि मोकळ्या भिंतीला हात जोडले. जागा वीतभर चुकली होती. मी बाजूला उभी राहून तिथेच हात जोडले.