केळीवाल्या नानांचा युक्का

कौतिकनाना रावेरकडच्या केळीवाल्या घरातले. धुळ्याच्या एका सरकारी ऑफिसात ते शिपाई होते, पण जीव सतरा वर्षं गावाकडेच अडकलेला. बायको लताबाई तिकडे, नाना इकडे भाड्याच्या खोलीत. रावेरला बदली मागणाऱ्या अर्जावर साहेबांची एक सही तेवढी राहिली होती.

ब्याण्णव सालच्या मार्चात साहेब दोन महिन्यांच्या ट्रेनिंगला निघाले. केबिनच्या कोपऱ्यात कुंडीतला त्यांचा लाडका युक्का: सरळसोट खोड, वर टोकदार पानांचा झुपका. हल्ली पानं पिवळी पडून गळत होती.

"नाना, तुम्ही बागाईतदार माणूस. एवढं झाड वाचवा, आल्याबरोबर सही करतो," साहेब म्हणाले.

नानांनी रोग एका नजरेत ओळखला. "तहानेलं हाये बिचारं!" केळीच्या माणसाला झाडाचा दुसरा आजार सुचतच नाही. खरं तर वर्षभर ते गुपचूप रोज दोन तांबे ओतत होतेच. आता सकाळ-संध्याकाळ बादली सुरू झाली. वर शेणाचा काला, खोडाला ओलं गोणपाट. देवपूरहून येणारे हेडक्लार्क नाकाला रुमाल लावून फायली तपासू लागले. एवढ्या लाडाने युक्का आणखी पिवळा पडला आणि एका सकाळी चक्क भिंतीला टेकला.

नानांनी मनात हिशेब केला: सही गेली, गाव गेलं.

तेव्हा वॉचमन कुवरसिंग पुढे झाला. तो सातपुड्याच्या पायथ्याचा, घरची शेती सगळी पावसाच्या भरवशावरची. त्याने बुंधा दाबून पाहिला. बोट आत गेलं. मग माती हुंगली आणि तोंड वाकडं केलं.

"नाना, हे तहानलेलं नाही. हे बुडून राह्यलंय."

"म्हंजे रोग काय?"

"रोग तुम्ही," कुवरसिंग शांतपणे म्हणाला.

नानांना राग आला, पण कुंडी उपडी केल्यावर तो ओसरला. मुळं काळीठिक्कर, बुळबुळीत. दोघांनी कुजका भाग करवतीने उडवला, टणक खोडाच्या कापाला राख चोळली, चार दिवस सावलीत सुकवलं आणि पांझरा नदीची वाळू मातीत मिसळून नव्या कुंडीत रोवलं. पाणी अगदी नावापुरतं. हा पथ्याचा भाग झाडापेक्षा नानांनाच जड गेला. धुळ्याचा मे महिना, आणि झाडाला पाणी नाही! त्यांचा हात आपोआप तांब्याकडे जाई. शेवटी कुवरसिंगने तांबे, बादली सगळं कपाटात कोंडलं. ऑफिसला आठवडाभर नळाला तोंड लावून पाणी प्यावं लागलं.

साहेब परतले त्या दिवशी खोडाला दोन हिरवेगार कोंब होते. साहेब हरखले. त्यांनी अर्ज काढला, पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं.

"नाना, तुमच्यासारखा माणूस सोडायचा म्हणजे मूर्खपणा. शिवाय आमच्या मेव्हण्यांच्या ऑफिसातही पाच कुंड्या आजारी आहेत."

रविवारी रावेरला जाऊन नानांनी पडलेल्या चेहऱ्याने हे घरी सांगितलं. लताबाईंनी कपाळावर हात मारला.

"मरू द्याचं होतं ना त्याले! साहेबानं रागानं तरी बदली करून तुम्हाले घरी धाडलं असतं!"

 दोन महिन्यांत हे नानांच्या डोक्यातच आलं नव्हतं.