ब्रिगेडियरसाठी एक फूल

इथे परदेशात, आमच्या वेस्ट विंडसर गावच्या लायब्ररीत एक निवृत्त काका रोज खिडकीजवळ बसतात. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या मोठ्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांची नोंद वहीत करतात. ‘मेले’ मात्र म्हणत नाहीत, ‘गेले’ म्हणतात, तेही शेजारच्या घरातलं कुणी गेल्यासारखं आवाज खाली आणून.

"साहेबांचा एवढा पुळका कशाला, काका?" मी एकदा चेष्टेनं विचारलं.

"अरे, जनरल झाला तरी घरी कुणी वाट बघत असतंच ना."

मी सुट्टीवर पुण्याला निघालो, तेव्हा त्यांनी खडकीच्या लष्करी दफनभूमीतल्या एका ब्रिगेडियरच्या कबरीचा नंबर दिला. "एक फूल ठेव. जमलं तर फोटो काढ."

तीन आठवड्यांत जमलं नाही. खरं म्हणजे मी गेलोच नाही. परतल्यावर नेटवरचा फोटो प्रिंट करून दिला.

काकांनी तो भिंगातून बराच वेळ पाहिला आणि वही उघडली. तोच फोटो तिथे आधीपासून चिकटवलेला होता.

"फोटोचं राहू दे," ते म्हणाले. "फूल ठेवलंस ना?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी ब्रिगेडियरच्या नावाखाली माझं नाव लिहिलं आणि पुढे ‘फूल वाहिलं’.

हल्ली मी पुस्तकं परत करायला आत जात नाही, बाहेरच्या पेटीत टाकून निघतो.