कडेवरून पडायची कला

आमच्या घरात मी चुकते, हे ठरलेलं आहे. आमटीत मीठ नेमकं पडलं तर ते नशिबाने पडलं, स्कूटर अरुंद बोळातून नीट निघाली तर बोळच रुंद होता. त्यामुळे टीव्हीवरच्या खेळात मी धाकट्या दिराला पहिल्यांदा हरवलं, तेव्हा त्याने लगेच निकाल दिला, "चुकून लागलं, वहिनी."

खेळ तसा सोपा. हवेत तरंगणारी एक फळी, तिच्यावर दोन योद्धे, आणि समोरच्याला मारून फळीवरून खाली घालवायचं. प्रत्येकाला ठरावीक जीव, खाली पडलं की एक गेला. पडता पडता फळीची कड धरून लटकता येतं, तिथून परत वर चढता येतं, आणि कड सुटली तरी हवेतल्या हवेत एक उडी मारता येते. दिराला नोकरी शोधता शोधता हा खेळ सापडला होता. नवरा दिवसभर चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात, मी सकाळच्या शाळेत शिकवून दुपारी घरी. उन्हाने रस्ते ओस पडलेले असायचे. दिराला सरावासाठी मार खाणारं कुणीतरी हवं होतं, म्हणून त्याने दुसरा कंट्रोलर माझ्या हातात दिला. जिंकला की तो टाळी मागायचा. मी द्यायचेही.

एकदा मी कडेला लटकलेली असताना कुकरची शिट्टी झाली, मी दचकले आणि भलतंच बटण दाबलं गेलं. कड सुटली. मी संपले असं बघून दिराने चिडवायचं बटण दाबलं. त्या बटणाने योद्धा कंबर हलवून नाचतो, आणि नाच संपेपर्यंत त्याला दुसरं काही करता येत नाही. मी घाबरून उडी मारली, खालून वर आले आणि नाचणाऱ्याला उडवलं. ते मात्र खरंच चुकून लागलं होतं.

पण माझ्या डोक्यात किडा शिरला. दुसरं कुणी पडलं असतं तर हा सावध राहिला असता. मी पडले की नाचतो. मग मी तेच घोटायला घेतलं. कधी लटकून सरळ वर चढायचं. कधी हात सोडायचा, "अगंबाई, पडले की" म्हणायचं आणि खालून हाणायचं. आणि कधी तेच म्हणून खरोखर पडून मरायचं, म्हणजे त्याचा विश्वास टिकतो. समोरच्याला असं गोंधळात टाकण्याला हे खेळाडू मिक्स-अप म्हणतात. त्यासाठी ते महिनोन्महिने बोटं झिजवतात. माझं काम दिराच्या स्वभावावर भागलं. खरोखर पडायचं तेव्हा मात्र मनातून जळफळाट व्हायचा.

मग शहरात या खेळाची स्पर्धा लागली. दिराने जाहीर केलं, "वहिनी, उद्यापासून गेमचं मशीन माझ्या खोलीत. मला सीरियस प्रॅक्टिस करायचीय. तुमचं काय, टाइमपास असतोय."

मला भयंकर राग आला. नववीच्या वर्गापुढे घसा कोरडा केल्यावर तो एक तास माझा होता. मी म्हटलं, "मी पण नाव देते. तुमच्या आधी हरले तर न्या. न्हायतर मशीन हॉलमधनं हलायचं न्हाय."

सासूबाई म्हणाल्या, "अगं, तितं सगळी पोरं असत्यात."

"सकाळपासनं पोरांतच असते की," मी म्हटलं.

चिठ्ठ्या काढल्या तर पहिल्याच फेरीत आम्ही दोघं समोरासमोर. त्याच्या मित्रांनी हसत मोबाईल बाहेर काढले. शेवटच्या आधीचा जीव मी कडेवरून पडून खरोखर घालवला, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं "अगंबाई" म्हणून. लोक पोट धरून हसले. शेवटच्या जीवावर दोघंही आलो. त्याने मला हाणलं, मी लटकले, हात सोडला. तो मित्रांकडे बघत नाचायला लागला. मी खालून आले आणि त्याला फळीबाहेर घालवलं.

"चुकून लागलं," तो पंचांना सांगत होता. पंचांनी तशी नोंद काही केली नाही.

पुढच्या फेरीत मला कॉलेजातल्या एका मुलीने धुतलं. मी हात सोडला, "अगंबाई" म्हटलं, पण ती नाचली नाही. मी पडत असताना तिने माझ्यावरची नजर हटवली नाही आणि वर येताच हाणलं. हरल्याचं वाईट वाटलं, पण इतक्या गंभीरपणे मला आमच्या घरात कुणी घेतलं नव्हतं.

मशीन हॉलमध्येच राहिलं. दुसऱ्या दिवशी दीर मोबाईलवर ती मॅच पुन्हा पुन्हा बघत बसला होता. शेवटी मान वर करून म्हणाला, "वहिनी, खरं सांगा. हे मुद्दाम केलं व्हय?"

ज्वारी निवडणाऱ्या सासूबाईंचा हात थांबला. नवऱ्याने पेपर खाली केला. हो म्हणावं, असं फार फार वाटलं. इतके दिवस पडले होते, एकदा तरी कुणी कौतुकाने बघावं.

"न्हाय हो, भावजी," मी म्हटलं. "चुकून लागलं."

त्याचा जीव भांड्यात पडला. सासूबाई पुन्हा ज्वारी निवडायला लागल्या. दिराने मोठ्या मनाने कंट्रोलर माझ्याकडे सरकवला, खेळ सुरू झाला, मी कडेवरून पडले, आणि तो नाचायला लागला.