न झालेल्या खुनाचा तपास

आमच्या मिरजगावच्या घरात पहाटेची धार कोणी काढायची, हे टीव्हीवरचा फौजदार ठरवायचा. रोज रात्री आठला ती तपासाची मालिका लागायची. पहिल्या जाहिराती संपायच्या आत सासूबाईंनी आणि मी आपापला खुनी सांगायचा. जिचा चुकला तिनं रात्रीच पेंड भिजवून ठेवायची आणि पाचला उठून म्हैस पिळायची. बरोबरी झाली तर जी वयानं लहान, तिनं. हा कायदा कोणी केला, हे वेगळं सांगायला नको.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्या पुरावे-बिरावे बघत नाहीत, मेथी निवडता निवडता माणसं बघतात. "जो लई गोड बोलतो ना, त्यो," एवढंच त्यांचं शास्त्र. सतरा माणसांच्या खटल्यात संसार केलेल्या बाईला तेवढं पुरतं. मी मात्र बोटांचे ठसे, फोनचे कॉल असलं काय काय धरून बसते आणि पहाटे म्हशीची शेपटी तोंडावर खाते. सलग तीन आठवडे मीच उठत होते. पुढं पुढं तर मालिका लागायच्या आधीच मी म्हशीची सकाळची पेंड घमेल्यात भिजत घालायला लागले. हरायचंच आहे, तर नंतर गोठ्यात हेलपाटा कशाला?

मला फक्त एक सकाळ हवी होती. एकच. उजाडेपर्यंत गोधडीत लोळायचं आणि दुसरं कोणीतरी उठलंय हे कानांनी ऐकायचं.

म्हणून मी लबाडी केली. आठचा भाग मोबाईलवर सकाळीच येतो, हे मला भावानं दाखवून ठेवलं होतं. आत्यांकडं बटणांचा फोन, त्यांना याचा पत्ताच नाही. दुपारी कडब्याच्या गंजीआड बसून मी अख्खा भाग बघितला. इतका भिकार भाग मी जन्मात पाहिला नव्हता. एक मोठा कारखानदार मेलेला. बायकोवर संशय, भागीदारावर संशय, ड्रायव्हर तर घाम पुसून पुसून दमला. तासभर सगळ्यांना छळून शेवटी निघालं काय, तर गडी न्हाणीघरात साबणावरून घसरून पडला होता. खून झालाच नव्हता! डोंगर पोखरून उंदीर काढला मेल्यांनी. एरवी मी त्या लिहिणाऱ्याला शिव्या घातल्या असत्या, पण त्या दिवशी त्याची दृष्ट काढावीशी वाटली.

आठला आत्यांनी पहिल्या जाहिरातीलाच निकाल दिला. "भागीदार. साखरंवानी बोलतोय."

मी कपाळाला आठ्या घालून विचार केल्यासारखं केलं. "मला तर वाटतंय आत्या, कुनीच न्हाई मारलं. पडला आसंल आपला आपन."

आत्यांच्या हातातली मेथीची काडी थांबली. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पुढची काडी उचलली.

शेवटी साबण दिसला तशा त्या भडकल्या. "ह्याला मालिका म्हनायची? मंग त्या ड्रायव्हरला तासभर कशाला रडावलं? माझी अख्खी जुडी निवडून झाली, आन् आता म्हनत्यात घसरला!"

मी हसू दाबत उठले. "तर मग आत्या, उद्याची धार..."

"बस खाली."

बसले.

"आज पेंड भिजवली न्हाईस. धा-बारा दिस झालं, टीव्ही लागायच्या आधी घमेलं भरतीस. मगाशी गोठ्यात गेल्ते, तर घमेलं कोरडंठाक. तू जिकनार हे तुला आधीच कसं ठावं?"

टीव्हीवरच्या फौजदाराला तासभरात जमलं नाही, ते या बाईनं बसल्या जागी केलं. मी सगळं कबूल केलं. भावाला तर सगळ्यात आधी गोवलं. वाटलं, आता वर्षभर म्हैस माझ्याच नावावर.

पण आत्या रागावल्याच नाहीत, तेच अवघड झालं. मेथीचे देठ गोळा करत त्या म्हणाल्या, "धार काढीन की मी उद्या, त्येचं काय न्हाई. पर तू येकटीनं बघितलास व्हय गं? मी हितं दिवसभर वाट बघती, आठ कवा वाजत्यात म्हनून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पुन्हा न्हाई बघनार, आत्या," मी म्हणाले.

"बघायचं न्हाई कोन म्हनलं? मला हाक मारायची."

मग त्यांनी आवाज उतरवला. आतल्या खोलीत त्यांचा लेक, म्हणजे माझा नवरा, जेवत होता. तिकडं मान करून त्या म्हणाल्या, "दुपारी आपन दोघी बघू. आन् उद्यापास्नं त्यालाबी खेळात घिऊ."

आता दुपारी गंजीआड आम्ही दोघी एकाच मोबाईलला डोकी लावून बसतो. पहाटे पाचला गोठ्यात नवरा असतो. बिचाऱ्याची पक्की समजूत झालीय, की आपल्याला माणसं ओळखताच येत नाहीत.